चिलरवर १० टन लिहिलंय, पण कुठल्या तापमानाला?

चिलरच्या, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मशीनच्या क्वोटेशनवर नुसतं 'कपॅसिटी १० टीआर' (दहा टन) एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या कागदावर ॲडव्हान्स देऊ नका. कारखाना नागपूरजवळ हिंगण्यात असो, बुटीबोरीत असो की कळमेश्वरला, उन्हाळ्यात प्रोसेस कूलिंगची गरज असलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितो आहे. आमचे साडेपाच लाख आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी त्या एका ओळीपायी अडकला. ती ओळ लिहिणाऱ्याला ती अर्धवट आहे हे पक्कं माहीत होतं.

आमचं हिंगणा एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे. पीपीची (पॉलीप्रोपिलीन प्लास्टिकची) झाकणं आणि डबे काढतो. साच्यात शिरताना माल दोनशे अंशांच्या वर असतो. त्याला थिजवून बाहेर काढायचं काम साच्यातून फिरणारं थंड पाणी करतं. हे पाणी गरम आलं की सायकल टाइम वाढतो, झाकण किंचित वाकतं आणि बाटलीवर त्याचे आटे बसत नाहीत. ताशी पंधरा किलो पीपीमागे चिलरचा एक टन असा ढोबळ हिशोब धंद्यात चालतो. आमचा माल ताशी शंभर किलोच्या आसपास, म्हणजे साधारण सात टन. पुढे एक मशीन वाढवायची होती म्हणून दहा टनांचा एअर कूल्ड चिलर मागितला. पाणी १० अंशांना हवं आणि नागपूरचा मे महिना धरून द्या, हे दोन्ही ईमेलमध्ये लिहून दिलं होतं. 'होऊन जाईल साहेब' असं उत्तर आलं. क्वोटेशनमध्ये मात्र ना पाण्याचं तापमान, ना हवेचं. भाव इतरांपेक्षा लाखभराने कमी होता.

चिलरचा टन म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी उष्णता ओढण्याची ताकद. पण ही ताकद मशीनला कायमची चिकटलेली नसते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं कंडेन्सरला, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीला, ती बाहेर टाकणं जड जातं आणि टन घटतात. पाणी जितकं थंड मागाल, तितके टन आणखी घटतात. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात १० अंशांच्या पाण्याला जेमतेम सात टन देणारी मशीन, पाणी १५ अंशांना आणि हवा ३० अंशांना धरली की नऊ-दहा टनांची म्हणून विकता येते. नागपुरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४४-४५ तर आपल्याकडे दरवर्षीचेच. शिवाय हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. टिनाच्या शेडवर ठेवलेल्या कंडेन्सरभोवतीची हवा त्याहूनही तापलेली असते.

मशीन आली फेब्रुवारीत. त्यांच्या माणसाने सकाळी सकाळी एकाच मोल्डिंग मशीनवर ट्रायल दिली. पॅनलवर १० अंशांचा आकडा आला, त्याने त्याचा फोटो काढला, इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही घेतली आणि उरलेले पैसे त्याच आठवड्यात मागून घेतले. एप्रिल लागला तसं टाकीतलं पाणी १८ अंशांच्या खाली उतरेना. नवतपा सुरू झाला तेव्हा तर दुपारी एक ते पाच मशीन हाय प्रेशरवर सारखी ट्रिप व्हायची, म्हणजे आतल्या गॅसचा दाब वाढून आपोआप बंद पडायची. रीसेट करा, पंधरा मिनिटं चालवा, पुन्हा ट्रिप. मालाचा ढीग रिजेक्शनच्या क्रेटमध्ये.

विक्रेत्याकडून फोनवर सल्ला आला, कंडेन्सरवर पाणी मारा. आमचं बोअरचं पाणी जड आहे. थोड्याच दिवसांत कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांवर, म्हणजे फिन्सवर पांढरा थर बसला, हवा जायची वाट बुजली आणि ट्रिपिंग आधीपेक्षा वाढलं. हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कंडेन्सरपुढे थोडं अंतर सोडून कूलरच्या पॅडची भिंत उभी केली तर आत जाणारी हवा बरीच थंड होते आणि पाणी फिन्सला लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की तिचा उपयोग संपतो, पण तोवर ती तारून नेते. आम्ही उरलेला सीझन तसाच काढला.

खरा प्रकार उघडकीस आणला तो आमच्याकडे एसी आणि कोल्ड स्टोरेजची कामं करणाऱ्या फिटरभाऊने. त्याने आधी पाणी मोजलं. चिलरमधून बाहेर पडणारी लाइन दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सोडली. ड्रम भरायला दोन मिनिटं लागली, म्हणजे ताशी सहा हजार लिटर. मग आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात एकेक थर्मामीटर धरला. एवढ्या पाण्यावर दहा टनांसाठी फरक पाच अंशांचा यायला हवा. आला साडेतीन. सहा हजार गुणिले साडेतीन, भागिले ३,०२४. सातच्या आतच. तेही पाणी १८ अंशांवर असताना. १० अंशांना आणलं असतं तर टन आणखी घसरले असते.

मग त्याने साइड पॅनल खोललं. कॉम्प्रेसरवर राखाडी रंगाचा जाड हात मारलेला. थिनरमध्ये फडकं बुडवून तो एकाच जागी हलक्या हाताने घासत राहिला. रंग सुटला तशी खाली नेमप्लेट दिसू लागली, आधी नुसत्या रेघा, मग मॉडेल नंबर, मग सीरियल. एका कोपऱ्यात रंगाखाली रंगाचा आणखी एक थर होता. मोबाइलवर कॉम्प्रेसर बनवणाऱ्याच्या कॅटलॉगात तो नंबर टाकला. सात टनांच्या आसपास. उत्पादनाचं वर्ष आमच्या बिलाच्या कितीतरी आधीचं.

"भाऊ, हा दहा टनाचा कॉम्प्रेसर नव्हेच," तो म्हणाला. "आन् नवा तर बिलकूल नाही. वरून रंग मारून देला हाये."

बिलावर 'नवीन वॉटर चिलर, १ नग' लिहिलं होतं. कॉम्प्रेसरचा मेक नाही, मॉडेल नाही, सीरियल नाही. आता त्याचं कारण कळलं. हे फोटो पाठवल्यावर विक्रेता म्हणाला की तुमच्याकडे ऊनच जास्त आहे, साइट कंडिशन वॉरंटीत येत नाही. त्यानंतर फोन उचलणं बंद.

वकिलांना भेटलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, ती कारखानदारांना माहीत असायलाच हवी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक कामासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण कामगार ठेवून चालणाऱ्या आमच्यासारख्या युनिटला ग्राहक आयोगाचा भरवसा धरता येत नाही. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातो आणि तातडीचा आदेश नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावी लागते. आमची ती प्रक्रिया चालू आहे. तिथे कामी येतोय तो आमचा सुरुवातीचा ईमेल, कारण १० अंश आणि मे महिना हे शब्द त्यात आहेत. फोनवर ठरवलं असतं तर हातात काहीच नसतं.

म्हणून ऑर्डर देताना टनांच्या आकड्याशेजारीच बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान, हवेचं तापमान आणि ताशी किती लिटर हे लिहून घ्या. नागपूरसाठी हवा ४५ अंशांच्या खाली मानू नका, आणि हाय प्रेशर कितीवर ट्रिप होतं तेही विचारा. कॉम्प्रेसरचा मॉडेल नंबर क्वोटेशनवर मागा, मशीन उतरल्यावर सीरियलचा फोटो घ्या आणि तोच नंबर बिलावर येऊ द्या. गॅस कोणता तेही बघा. आर-२२ची जुनी मशीन कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर थांबा, तो गॅस ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. सर्वांत महत्त्वाचं, रकमेचा काही भाग मे महिन्यातल्या भर दुपारच्या ट्रायलपर्यंत हातात ठेवा. ड्रम आणि दोन थर्मामीटर एवढ्यावर ती ट्रायल होते, त्यासाठी कोणी इंजिनिअर लागत नाही.

दुसरा चिलर घेताना हीच अट तीन विक्रेत्यांपुढे ठेवली. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसरा म्हणाला, ४५ अंश धरले तर दहा टनांची मशीन पुरणार नाही, तेरा टनांची घ्यावी लागेल, आणि कॉम्प्रेसरचा नंबर घालून नवीन क्वोटेशन पाठवलं. तिसऱ्याने त्याच भावात दहा टन 'होऊन जाईल' म्हटलं. ऑर्डर दुसऱ्याला दिली. त्याचे दहा टक्के मेअखेरपर्यंत आमच्याकडे राहणार आहेत, तसं पर्चेस ऑर्डरवर लिहून दोघांच्या सह्या झाल्या आहेत.