इलेक्ट्रोस्टॅटिक घ्यावेत की नेहमीचे स्पीकर? आमच्या हॉलपुरता हिशोब

ऑफिसातला एक मित्र मागच्या महिन्यात कुणाकडे तरी इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल (डब्यातल्या कोनाऐवजी ताणलेल्या पातळ फिल्मवर वाजणारे स्पीकर) ऐकून आला आणि तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाहीये. हॉलमध्ये होम थिएटर करायचंय, पैसे बाजूला काढून ठेवलेत, आता पॅनल घेऊ का नेहमीचे कोनवाले, म्हणजे शंकूच्या आकाराच्या पडद्याचे, घेऊ एवढंच सांग म्हणतो. मी दोन्ही वापरलेत, आधी पॅनल अडीच वर्षं आणि आता नेहमीचे चार वर्षं, ठाण्यात, ११ बाय १७ च्या हॉलमध्ये, त्यामुळे जे सांगतोय ते तेवढ्यापुरतंच धरा. माझ्याकडे मोजायचा माईक वगैरे नाही. दोन कान आहेत आणि घरात चार माणसं आहेत.

आधी पॅनलची बाजू घेतो, कारण ती मला मनापासून घेता येते. माझे हायब्रिड होते, म्हणजे वर पॅनल आणि खाली डब्यात साधा वूफर (खर्जाचा स्पीकर), एका ओळखीच्या गृहस्थांकडून सेकंडहँड घेतलेले. पहिल्या रात्री सगळे झोपल्यावर कुमार गंधर्वांचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच मी गार. तानपुरा नुसता वाजत नव्हता, जवारीचा दोरा कुणीतरी आत्ता किंचित सरकवलाय असं वाटावं इतका तो समोर होता, आणि स्पीकर कुठे आहेत ते डोळे मिटल्यावर कळेना. हे काही जादू नाही. कोनवाल्या स्पीकरमध्ये कॉइल कोनाला एका ठिकाणी ढकलते आणि बाकीचा कोन तिच्या मागनं फरफटत जातो. पॅनलमध्ये काही मायक्रॉन जाडीची फिल्म दोन जाळ्यांच्या मधे ताणलेली असते, तिच्यावर काही हजार व्होल्ट, आणि जाळ्यांवरचा सिग्नल तिला अख्खीच्या अख्खी मागेपुढे ओढतो. शिवाय पॅनलला डबा नाही, म्हणजे डब्याचा घुमटलेला आवाजही नाही. इंग्लंडच्या पीटर वॉकरनं क्वाड या नावाचा पहिला ईएसएल (इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर) १९५७ मध्ये बाजारात आणला आणि तो अजूनही लोक दुरुस्त करून करून ऐकतात, ते काही उगाच नाही.

(आणि हो, 'नेहमीचे' म्हणजे आपले साधेच हो, असं काही जण नाक मुरडून म्हणतात. मूव्हिंग कॉइलची, म्हणजे कॉइलनं कोन ढकलायची, आजची तऱ्हा जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली, म्हणजे शंभर वर्षं टिकलेली गोष्ट आहे, तिला इतकं स्वस्त समजू नका.)

आता पॅनलचे बारीकसारीक त्रास पटपट सांगून टाकतो, कारण लोक यांनाच घाबरतात आणि माझ्या मते यातला एकही निर्णायक नाही. प्रत्येक पॅनलला वेगळा प्लग लागतो. फिल्मवर चार्ज असल्यामुळे धूळ येऊन चिकटते, महिन्या दोन महिन्यांनी प्लग काढून, काही तास थांबून, व्हॅक्यूमचा ब्रश हलक्या हातानं फिरवायचा. आमच्या मावशींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की याला ओलं फडकं लावायचं नाही, तर त्या पुढची अडीच वर्षं त्या कोपऱ्यात झाडू मारायलाही जाईनात. आई तर पहिले काही दिवस त्याला हीटर समजत होती, मग डास मारायची मोठी रॅकेट म्हणायला लागली, आणि तसं बघायला गेलं तर दोन्हीकडे जाळी आणि हाय व्होल्टेजच, फार चूक नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैत, डाव्या पॅनलमधून गाणं बंद असतानाही मधूनच तडतड यायला लागली. ओल आणि धूळ एकत्र आली की चार्ज गळतो. बंद करून साफ केलं, दोन दिवस खोलीत पंखा चालू ठेवला, थांबली. कोकणात किंवा मुंबईत समुद्राला लागून राहत असाल तर हे डोक्यात ठेवा, पुण्या-नाशिकला बहुतेक एवढं जाणवणार नाही.

ॲम्प्लिफायरचा मुद्दा मात्र जरा गंभीर आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल म्हणजे ॲम्पच्या दृष्टीनं एक मोठा कपॅसिटर, फ्रिक्वेन्सी वर जाईल तसा त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, घसरत जातो आणि ॲम्पवर ताण येतो. कागदावर ४ ओहम लिहिलेलं आणि २० हजार हर्ट्झला एकाच्याही खाली, असं या प्रकारात सर्रास असतं. माझा तेव्हाचा एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा ॲम्प) गाण्यांना गप्प असायचा पण सिनेमात काचा फुटायला लागल्या की टक करून प्रोटेक्शनमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. मग वेगळा पॉवर ॲम्प घ्यावा लागला. तो खर्च मी पॅनलच्या किमतीत धरलाच नव्हता, तुम्ही धरा.

पण हे सगळं मी चालवून घेत होतो. ज्यानं माझा निर्णय केला ते वेगळंच.

आमच्याकडे टीव्हीच्या समोर तीन जणांचा सोफा आणि डाव्या भिंतीला दिवाण. सोफ्याची मधली जागा माझी. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात मी जमिनीवर मास्किंग टेप लावून पॅनल इंच-इंच सरकवून बसवले होते, भिंतीपासून तीन फूट पुढे, दोन्ही माझ्याकडे किंचित वळवलेले, आणि त्या मधल्या जागेवर डायलॉग बरोबर टीव्हीच्या मधोमध हवेत तरंगायचा. सेंटर स्पीकर (डायलॉगसाठी मधे ठेवतात तो) घेतलाच नव्हता, गरजच वाटली नाही. रिसीव्हरला सेंटर नाही म्हणून सांगितलं की तो डायलॉग डाव्या-उजव्यात सारखा वाटून देतो आणि मधे भास तयार होतो. फार अभिमान होता मला त्या भासाचा.

आई दिवाणावर बसायची, टीव्हीच्या बाजूच्या टोकाला, कारण तिला लांबून नीट दिसत नाही. आणि प्रत्येक सिनेमात, दर पाच मिनिटांनी, 'अरे, काय म्हणाला तो?' आधी बायको सांगायची, मग मुलगा सांगायचा, मग कुणीच सांगेना. मग मी आवाज वाढवायचो. आवाज वाढवला की 'एवढा मोठा कशाला करतोस, मला काय म्हणाला ते कळत नाहीये'. आता यात मला काही विसंगती दिसत होती, तिला दिसत नव्हती, आणि बरोबर तीच होती हे मला फार उशिरा कळलं. आम्ही तिचे कान तपासून आणले. ऑडिओमेट्री झाली, रिपोर्ट आला, वयाच्या मानानं चांगले आहेत म्हणाले डॉक्टर. मग आम्ही ठरवलं की लक्ष नसतं तिचं.

जवळजवळ सव्वा वर्षानंतर एका रविवारी पाहुणे आले, सोफा भरला, आणि मी पहिल्यांदा दिवाणावर आईच्या शेजारी बसून सिनेमा बघितला. सव्वा वर्षात मी तिथे एकदाही बसलो नव्हतो. आवाज होता, भरपूर होता, खालून वूफरचा दमदार येत होता, पण त्यात अक्षरं नव्हती. शेजारच्या घरातनं भिंतीपलीकडून टीव्ही ऐकू येतो ना, कोण बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते नाही, अगदी तसं. च, स, त, क सगळे गायब. मी आईकडे बघितलं, ती निवांत बघत होती, तिला सवय झाली होती. जाम लाज वाटली.

कारण नंतर वाचून समजलं, तसं ते सरळच आहे. १० हजार हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नसते, आणि पॅनल फूटभर रुंद, मग तो आवाज पसरतच नाही, टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. त्यात पॅनल पुढे फेकतं तेवढाच मागेही फेकतं, पण उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ओढली जाते, आणि बाजूला जिथे दोन्ही भेटतात तिथे ते एकमेकांना खाऊन टाकतात. दिवाणाचं ते टोक डाव्या पॅनलच्या बरंचसं बाजूला येत होतं आणि उजव्या पॅनलचा झोत सोफ्यावर होता. म्हणजे आई दोन्हीकडून नेमकी खड्ड्यात.

कंपन्यांना हे माहीत नाही असं नाही. क्वाडनं १९८१ मध्ये आलेल्या ईएसएल-६३ मध्ये पॅनलची एकात एक गोल कडी पाडून बाहेरच्या कड्यांना थोडा थोडा उशीर दिला, म्हणजे आवाज पॅनलच्या मागच्या एका बिंदूतून पसरतोय असं वाटावं. अमेरिकेतल्या मार्टिन लोगननं पॅनललाच बाक दिला, त्यानं आडवा पसारा ३० अंशांपर्यंत जातो. फरक पडतो, नक्की पडतो. पण ३० अंशांत सोफा बसतो, दिवाण नाही बसत. आणि उभ्या दिशेचं काय? मुलगा आणि त्याचे मित्र खाली सतरंजीवर लोडाला टेकून पडलेले असतात, त्यांचे कान पॅनलच्या खालच्या कडेपेक्षाही खाली. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मी एकदा खाली आडवा पडून ऐकलं आणि वरची सगळी चमक गेलेली. उभं राहिलं तरी तेच. आपल्याकडे हॉल म्हणजे कोण कुठे बसेल, कोण कधी उठून चहा टाकायला जाईल याचा नेम नसतो, आणि ही वस्तू मात्र एका खुर्चीसाठी बनवल्यासारखी वागते.

उपाय केले नाहीत असं नाही. पॅनल दिवाणाकडे वळवून बघितले तर सोफ्यावरचा भास मोडला. मग एक साधा कोनवाला सेंटर आणून टीव्हीखाली ठेवला. आईचा प्रश्न तिथेच बराचसा सुटला हे कबूल करतो, पण नवीनच पंचाईत झाली, माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत बोलायला लागला की मधे आल्यावर त्याचा आवाज बदलायचा, सर्दी झाल्यासारखा, आणि पुन्हा उजवीकडे गेला की सर्दी गेली. एकदा ते कानाला कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. पॅनलचाच सेंटर मिळतो, तोही बघून आलो, पण त्याच्या मागे मोकळी जागा हवी आणि आमची टीव्हीखालची फळी भिंतीला चिकटलेली. किंमत सांगत नाही, ऐकून मीच उठून आलो.

शेवटी पॅनल विकले. आता पुढे तीन नेहमीचे स्पीकर, तिघांचे ट्विटर (वरच्या, बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) एकाच जातीचे, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे. इंचभराचा डोम ट्विटर छोटाच असल्यामुळे त्याचा आवाज चांगला पसरतो, आणि दिवाण, सतरंजी, स्वयंपाकघराचं दार, सगळीकडे डायलॉग सारखा पोचतो. डावे-उजवे भिंतीपासून फूटभरावर आहेत, हॉलमध्ये दोन फूट जागा परत आली, गॅलरीत कपडे वाळत घालायला जाताना बादली सांभाळून नेणं बंद झालं. रिसीव्हर एकदाही बंद पडला नाही. स्फोट, पाऊस, हेलिकॉप्टर या बाबतीतही खरं सांगायचं तर हेच जास्त बिनधास्त आहेत, पॅनल मोठ्या आवाजाला जरा घुसमटायचे. सिनेमाच्या रेफरन्स लेव्हलला, म्हणजे थिएटरसाठी ठरलेल्या आवाजाला, मुख्य चॅनलचे पीक १०५ डेसिबलपर्यंत जातात, तिथवर फ्लॅटमध्ये आपण कुणीच जात नाही, खालचे काका वर येतील, पण त्याच्या बऱ्याच अलीकडेही फरक कळतो.

गेलं काय? तानपुरा गेला. म्हणजे वाजतो, छान वाजतो, पण तो दोरा सरकल्याचा भास काही परत आला नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने रात्री गाणं लावून मी पाच मिनिटांत बंद करायचो. आता सवय झाली, किंवा मी विसरलो असेन, दोन्हीपैकी काय ते मला ठामपणे सांगता येणार नाही.

तेव्हा मित्राला मी असं सांगितलं की बाबा, तुझी वेगळी खोली असेल, पॅनलच्या मागे तीन फूट सोडता येत असतील, दहातल्या सात वेळा तू एकटा बसून गाणं ऐकणार असशील आणि सिनेमा तोंडी लावायला असेल, तर घे पॅनल, मी तुला अडवणार नाही, उलट अधूनमधून येऊन बसेन. पण तू म्हणतोयस हॉल, आणि तुझ्याकडे सासू-सासरे असतात सहा महिने. तिथे मी नेहमीचेच घेतले असते, आणि वाचलेल्या पैशात सेंटर जरा चांगला. तो म्हणाला तू बायस्ड आहेस. असेन.

डेमोला जाणार असाल तर एक करा. दुकानदार तुम्हाला मधल्या खुर्चीवर बसवेल, तिथे दोन मिनिटं बसून घ्या, कौतुक करा, आणि मग उठून कडेच्या भिंतीपाशी जा, शक्यतो स्टूलावर, आणि त्याला तानपुरा नाही, डायलॉगवाला एखादा सीन लावायला सांगा, सबटायटल बंद करून. सेकंडहँड पॅनल बघायला जात असाल तर पावसाळ्यात जा आणि गाणं लावायच्या आधी, नुसता प्लग चालू असताना, जाळीला कान लावून एक मिनिट थांबा.