लाँगफॉर्म पॉडकास्ट : लेखकाला कामाविषयी विचारणाऱ्या मुलाखती

आपल्याकडच्या प्रकट मुलाखतींमध्ये लेखकाला बालपण, घरचे संस्कार, लेखनाची प्रेरणा आणि मिळालेले पुरस्कार यांविषयी भरभरून विचारले जाते. पण ज्या पुस्तकासाठी त्याला व्यासपीठावर बोलावलेले असते, त्यातील माहिती त्याने कोणाकडून आणि किती खेटे घालून मिळवली, हा प्रश्न आभारप्रदर्शनाची वेळ झाली तरी बहुधा निघत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात अशा मुलाखती ऐकत आलेल्या सोलापूरच्या वाचकाला ‘लाँगफॉर्म पॉडकास्ट’ ऐकताना पहिला फरक जाणवतो तो इथेच. येथे बोलावलेले पाहुणे बहुतांशी पत्रकार, चरित्रकार, निबंधकार आणि रिपोर्ताज लिहिणारे असतात, आणि त्यांना विचारले जाते ते त्यांच्या कामाविषयी.

मॅक्स लिन्स्की आणि ॲरन लॅमर यांनी 2010 मध्ये दीर्घ लेखांची शिफारस करणारे ‘लाँगफॉर्म’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यातूनच 2012 मध्ये हा पॉडकास्ट निघाला आणि पत्रकार इव्हान रॅटलिफ हे तिसरे मुलाखतकार झाले. आठवड्याला एक पाहुणा, साधारण तासाभराची बातचीत आणि तिघांपैकी कोणीतरी एक प्रश्न विचारणारा, एवढाच त्याचा साचा. 2024 मध्ये तो थांबला तेव्हा पाचशेहून अधिक भाग जमा झाले होते. बंद पडलेल्या उपक्रमाचे परीक्षण आता कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु हे भाग बातम्यांसारखे शिळे होणारे नाहीत, ते विनामूल्य ऐकता येतात, आणि मराठीत कथेतर लेखन करू पाहणाऱ्यांना या प्रकारचे शिक्षण अन्यत्र सहजी मिळत नाही.

या मुलाखतींचा सर्वांत सकस भाग म्हणजे माणसे बोलती कशी होतात, याविषयीची चर्चा. अनोळखी माणसाला पहिला फोन कोणत्या शब्दांत करायचा, तो नाही म्हणाला तर पुन्हा कधी विचारायचे, वही केव्हा बाहेर काढायची आणि केव्हा खिशातच ठेवायची, लेख छापून आल्यावर ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याशी संबंध कसे राहतात, असे प्रश्न येथे वेगवेगळ्या पाहुण्यांना पुनःपुन्हा विचारले जातात, आणि उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, हेच त्यांचे मोल आहे. कोणी ध्वनिमुद्रणावाचून पाऊल टाकत नाही, तर कोणाला ते यंत्र मध्ये आले की समोरचा माणूस सावध होतो असे वाटते.

आमच्या वाचक मंडळातील एक गृहस्थ सध्या सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांविषयी लिहीत आहेत. माग चालू असताना कारखान्यात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, तेव्हा ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच नसतो. गप्पा होतात त्या वीज गेल्यावर किंवा पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर. त्यांना या पॉडकास्टमधून उपयोगी पडले ते एवढेच, की प्रश्नांची यादी घेऊन एकदाच जाण्यापेक्षा काहीही न विचारता वारंवार जाऊन बसणे हीदेखील कामाची एक रीतसर पद्धत आहे आणि नाणावलेले लेखक ती जाणूनबुजून वापरतात. अनिल अवचट निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांविषयी लिहीत होते तेव्हा त्यांनी असेच काही केले असणार, हे त्यांचे लेखन वाचताना जाणवते. मात्र ती पद्धत मराठी मुलाखतकारांनी त्यांच्याकडून पुरेशा तपशिलाने काढून घेतली, असे मला वाटत नाही.

दुसरा विशेष म्हणजे पैशांविषयीचा मोकळेपणा. एका लेखाला किती महिने लागले, त्या काळात घर कशावर चालले, प्रवासाचा खर्च कोणी केला, नियतकालिकाने लेख परत पाठवला तेव्हा पदरात काय पडले, हे येथे संकोच न बाळगता विचारले जाते. दिवाळी अंकाच्या मानधनाचा विषय आपल्याकडे खासगीत, आणि तोही हसण्यावारी नेण्यासाठीच निघतो. व्यासपीठावर कोणा लेखकाला असे विचारले तर सभागृहाला ते असभ्य वाटेल. तरीही लेखकाचे सर्जनशील आयुष्य म्हणून ज्याचा आपण गौरव करतो, त्याचा निम्मा भाग सुट्ट्यांचा, उसनवारीचा आणि घरच्यांच्या सहनशीलतेचा असतो, हे ज्याने नोकरी सांभाळून एखादा दीर्घ लेख पुरा केला आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

तिघा मुलाखतकारांचा बाज निराळा आहे. रॅटलिफ स्वतः दीर्घ शोधकथा लिहिणारे असल्याने त्यांचे प्रश्न मांडणी आणि माहितीचे स्रोत यांवर नेमके बोट ठेवतात, आणि माझ्या मते लिहिणाऱ्याने त्यांचे भाग आधी ऐकावेत. लिन्स्की माणसाच्या धास्तीपर्यंत आणि आत्मविश्वासापर्यंत जातात. ते कधी हृद्य होते, कधी थोडे पाघळते. लॅमर यांचे कुतूहल मोकाट आहे, त्यामुळे त्यांच्या भागांत आडवाटा पुष्कळ. काही लेखक वर्षांच्या अंतराने पुन्हा आले आहेत, आणि ते भाग लागोपाठ ऐकण्यात विशेष गंमत आहे. अमेरिकी लेखक-पत्रकार ता-नेहिसी कोट्स ‘बिट्वीन द वर्ल्ड अँड मी’ या 2015 च्या पुस्तकाने जगभर पोहोचण्यापूर्वीही येथे बोलले आहेत आणि नंतरही. कीर्तीमुळे माणसाच्या रोजच्या कामात काय बदलते आणि काय बदलत नाही, हे कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा त्या दोन काळांतील त्यांच्या बोलण्यातून अधिक कळते.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. सगळे बोलणे न्यूयॉर्कच्या नियतकालिकांच्या अंगणातले आहे. कोणता संपादक कुठून कुठे गेला, कोणत्या अंकाचे मुखपृष्ठ गाजले, याची माहिती श्रोत्याला आहेच असे गृहीत धरले जाते, आणि अनोळखी नावांचा असा भडिमार सुरू झाला की पुढे सरकवण्याचे बटण दाबावेसे वाटते. ज्या लेखकांच्या मागे संपादक, तथ्यतपासनीस आणि वकील उभे असतात, त्यांचे सल्ले सोलापुरात एकट्याने लिहिणाऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे वाक्यावाक्याची शहानिशा करणारा, प्रवासाचे तिकीट काढणारा आणि छापून आल्यावर रोष पत्करणारा एकच असतो. उत्तरे तेलुगूत किंवा कन्नडमध्ये मिळवायची आणि लिहायचे मराठीत, ही आपल्या शहरातील रोजची अडचण तर तेथे फारशी कोणाच्या गावीही नाही. शिवाय प्रायोजकांच्या जाहिराती मुलाखतकारच आपल्या आवाजात वाचतात, त्यामुळे गंभीर बोलणे संपता संपता अचानक विक्रीचा सूर लागतो.

यापेक्षा मूलभूत मर्यादा माध्यमाची आहे. तासाभराच्या बोलण्यात लेखक आठवेल तसे सांगतो, उदाहरण अर्धवट सोडतो, आणि गद्याच्या घडणीविषयी नेमकेपणाने बोलणे त्याला जमत नाही. त्यासाठी ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या 1953 पासून निघणाऱ्या त्रैमासिकाच्या मुलाखतींकडेच वळावे लागते. तेथे मुलाखतीचा मजकूर लेखकाच्या हातूनही तपासून घेण्याची प्रथा असल्याने बोलण्यातील उत्स्फूर्तता उणावते, पण प्रत्येक वाक्य पारखलेले असते. कथेतर लेखकांसाठीची त्यांची स्वतंत्र मालिका 2006 मध्ये जोन डिडियन यांच्यापासून सुरू झाली. जॉन मॅकफी टिपणांच्या चिठ्ठ्या करून त्यांच्या क्रमातून लेखाचा सांगाडा कसा उभा करतात, गे तालीज शर्टाच्या घडीत येणाऱ्या पुठ्ठ्यांचे तुकडे कापून त्यांवर नोंदी कशा करतात, हे त्या मालिकेत वाचताना लेखन हे हाताने करायचे काम आहे याची खात्री पटते. मात्र जुन्या मुलाखतींपैकी बहुतेक वर्गणीदारांसाठीच खुल्या आहेत, आणि ती वर्गणी डॉलरमध्ये भरणे आपल्याकडच्या प्रत्येकाला परवडेल असे नाही.

विषय कोणता आहे, यावर निवड अवलंबून ठेवावी असे मी सुचवीन. कोणी 1930 च्या मे-जूनमधील सोलापूरच्या मार्शल लॉविषयी आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांविषयी नव्याने लिहू पाहत असेल, तर त्याचे निम्मे आयुष्य मुंबईच्या पुराभिलेखागारातील दप्तरे चाळण्यात जाणार आहे. त्याने ‘पॅरिस रिव्ह्यू’मधील चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांची 2016 ची मुलाखत आधी वाचावी, कारण दप्तरातील एकही पान न उलटता सोडायचे नाही, हा कॅरो यांचा दंडक प्रसिद्धच आहे आणि चरित्रनायक असलेल्या अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा मुलूख समजावा म्हणून ते पत्नीसह टेक्सासच्या डोंगराळ भागात राहायलाही गेले होते. उलट हयात माणसांविषयी, म्हणजे बंद गिरण्यांच्या माजी कामगारांविषयी किंवा घरी विड्या वळून त्या कारखान्याच्या ब्रँचवर पोहोचवणाऱ्या महिलांविषयी, ज्यांना लिहायचे आहे त्यांना पॉडकास्ट अधिक कामाला येईल, कारण तेथील निम्मी चर्चा समोर बसलेल्या माणसाशी कसे वागावे याचीच असते.

ऐकण्यासाठी इंग्रजी चांगले लागते आणि अमेरिकी उच्चारांची सवय नसेल तर सुरुवातीला दमछाक होते. ॲपमध्ये वेग थोडा कमी केला की काम भागते. भाग क्रमाने ऐकण्याचा अट्टहास करू नये. ज्या लेखकाचे काही वाचले आहे त्याचाच भाग निवडावा, आणि वाचले नसेल तर ज्या लेखाविषयी चर्चा आहे तो आधी मिळवून वाचावा. मजकूर डोळ्यांखालून गेलेला नसताना त्याच्या घडणीची चर्चा ऐकली तर केवळ लेखकाचा स्वभाव कळतो. गटाने ऐकायचे असल्यास पाऊण तासाच्या पुढे भाग लावू नये, हा आमच्या मंडळाचा अनुभव. त्यानंतर शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या ताटाकडे लक्ष जाते आणि मुलाखतकार काय विचारतो आहे ते कोणी ऐकत नाही.