रासायनिक बंधांच्या आकृत्यांची सराववही: छापील वर्तुळांची सोय आणि अडचण

माझी भाची मराठी माध्यमातून दहावी होऊन यंदा अकरावी विज्ञानाला गेली आणि रासायनिक बंधांच्या प्रकरणापाशी अडली, म्हणून नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून मी ही 64 पानांची सराववही 140 रुपयांना आणली. तीन आठवडे रोज संध्याकाळी सिडकोतल्या तिच्या घरी बसून आम्ही दोघांनी ती अखेरपर्यंत सोडवली. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण याच साच्याच्या आणखी दोन वह्या त्याच दुकानात मांडलेल्या होत्या आणि चाळून पाहिल्यावर त्यांतही फारसा फरक आढळला नाही.

वहीची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे प्रत्येक आकृतीखाली दिलेला बेरजेचा चौकोन. आकृती काढण्यापूर्वी सर्व अणूंच्या बाह्यतम कवचांतील इलेक्ट्रॉनांची बेरीज त्यात लिहायची आणि आकृती पूर्ण झाल्यावर ठिपके व फुल्या मोजून ती पुन्हा ताडून पाहायची, एवढीच ही युक्ती आहे. कार्बन डायऑक्साइडच्या वेळी तिचा उपयोग कळला. भाचीने कार्बन व ऑक्सिजन यांच्यामध्ये एकेकच जोडी दाखवली, मग तिन्ही अणूंची अष्टके, म्हणजे प्रत्येकाभोवती आठ इलेक्ट्रॉन, उरलेल्या ठिपक्यांनी भरून टाकली आणि आकृती दिसायलाही नीटनेटकी झाली. पण मोजल्यावर इलेक्ट्रॉन 20 भरले, आणि चौकोनात तर 4 अधिक 6 अधिक 6 असे 16 लिहिलेले होते. चार जास्तीचे कुठून आले, याचा शोध घेताना दुहेरी बंधाची गरज तिला स्वतःलाच उमगली, मला तोंडही उघडावे लागले नाही. ठिपके एका अणूचे आणि फुल्या दुसऱ्या अणूच्या, ही केवळ हिशेबाची सोय असून इलेक्ट्रॉन सगळे सारखेच असतात, हेही वहीत सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले आहे.

अडचण आहे ती छापील वर्तुळांची. पाण्याच्या पानावर एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळे आधीच काढून दिलेली आहेत, तर मिठाच्या पानावर दोन सुटी वर्तुळे, त्यांभोवतीचे चौकटी कंस आणि कंसाबाहेर प्रभाराची रिकामी जागा, असे सारेच तयार आहे. म्हणजे बंध आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला) की सहसंयुज (ते वाटून घेऊन झालेला), हा या प्रकरणातील मुख्य निर्णय विद्यार्थ्याऐवजी छापखान्यानेच घेतला आहे. वहीत सर्व उत्तरे बरोबर आलेल्या भाचीला मी कोऱ्या कागदावर सोडिअम क्लोराइड काढायला सांगितले, तेव्हा तिने दोन्ही वर्तुळे एकमेकांत अडकवली; मॅग्नेशिअम क्लोराइडला तर दोन्ही क्लोरिन एकाच कंसात कोंबून बाहेर दोन ऋण प्रभार लिहिले. वास्तविक मॅग्नेशिअमचे दोन इलेक्ट्रॉन दोन वेगवेगळ्या क्लोरिन अणूंकडे जातात, म्हणून प्रत्येक क्लोराइड आयनाला, म्हणजे प्रभार आलेल्या क्लोरिन अणूला, आपला स्वतंत्र कंस आणि आपला एकच ऋण प्रभार हवा. प्रस्तावनेत ठिपक्यांच्या पद्धतीसाठी गिल्बर्ट लुईस यांचा 1916 सालचा उल्लेख आहे, परंतु त्याच वर्षी इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीतून आयनिक बंधाची उकल मांडणाऱ्या वाल्टर कोसेल यांचे नावही नाही. देणे आणि वाटून घेणे यांतील भेद वहीत पातळ राहिला आहे तो असा.

उत्तरपानावर एक ठळक चूकही आहे. कार्बन टेट्राक्लोराइडच्या आकृतीत चारही क्लोरिनभोवतीच्या प्रत्येकी तीन एकाकी (बंधात भाग न घेणाऱ्या) जोड्या छापायच्या राहिल्या असून, शेजारच्या चौकोनात मात्र 32 हा आकडा बरोबर आहे. आकृतीत दिसतात फक्त 8. वहीचा स्वतःचाच नियम प्रकाशकाने पाळला असता, तर ही चूक छपाईआधीच सापडली असती.

बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, हा अष्टकाचा अपवाद एका पानात उरकला आहे. रेणूच्या आकाराविषयी अर्धेच पान असले, तरी सपाट आकृतीत मिथेनचे बंध काटकोनात दिसत असले तरी प्रत्यक्षात ते 109.5 अंशांचा कोन करतात, एवढे त्यात सांगितले आहे आणि या पातळीवर ते पुरेसे वाटले.

मला खरी उणीव भासली ती चुन्याची. नाशिकच्या द्राक्षबागांत मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात, हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. आणि विरलेल्या चुन्यात, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये, दोन्ही प्रकारचे बंध एकत्र सापडतात. कॅल्शिअम व हायड्रॉक्साइड आयनांमध्ये आयनिक बंध असतो, तर हायड्रॉक्साइडच्या कंसाच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यात सहसंयुज. असे एकही संयुग संपूर्ण वहीत नाही. ती आकृती आम्ही शेवटच्या पानामागे काढली, आणि तिथे छापील वर्तुळे नसल्यामुळे कंस कुठे घालायचा, यावर भाचीला बराच वेळ विचार करावा लागला.

ज्यांना ही वही घ्यायची आहे, त्यांनी पहिली वीस पाने छापल्याप्रमाणे सोडवून पुढच्या आकृत्या पाठकोऱ्या कागदांवर काढाव्यात आणि वहीतला फक्त बेरजेचा चौकोन वापरावा.