एनव्हीडीए: सॉफ्टवेअर पहिल्या नंबरचं, घोडं अडतं ते ऑफिसच्या फाइलींपाशी

अंध उमेदवाराला नोकरी दिली की कंपनीच्या अहवालात विविधतेचा आकडा वाढतो. पण सोमवारी सकाळी त्या माणसाने काम कशावर करायचं? विंडोजसाठी आमचं उत्तर एनव्हीडीए. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आजही मोफत आहे. त्यामुळे ‘बजेट नाही’ ही सबब इथे चालत नाही.

कंपनीत तो इन्स्टॉलच करून घ्या. पेन ड्राइव्हवरची पोर्टेबल कॉपी चटकन सुरू होते खरी, पण लॉगिनच्या आणि अ‍ॅडमिन परवानगीच्या स्क्रीनवर ती मुकी होते, आणि रोज सकाळी पासवर्ड टाकायला शेजारच्याला हाक मारावी लागते. इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिन हक्क लागतात. ती परवानगी उमेदवार रुजू होण्याच्या आधीच आयटीकडून घेऊन ठेवावी. एनव्हीडीएच्या बऱ्याच आज्ञा इन्सर्ट कीच्या जोडीने देतात; लॅपटॉपवर ती अडचणीची असेल तर तिचं काम कॅप्स लॉकला देता येतं.

वेग उत्तम आहे. वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की बटण, टी दाबलं की तक्ता. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंक आणि शीर्षकांची यादी समोर येते. एक्सेलमध्ये शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर इन्सर्ट, शिफ्ट आणि सी एकदा दाबलं, की पुढे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाताना त्याचं नावही ऐकू येतं. मर्ज केलेले सेल मात्र हा हिशेब बिघडवतात. मराठीसाठी ईस्पीक हा आवाज सोबतच येतो. उच्चार यांत्रिक आहे, पण वेग वाढवला तरी अक्षर तुटत नाही.

खरी परीक्षा कंपनीची असते. रजेच्या अर्जाचं पोर्टल उघडा: खाली तीन चित्रं, त्यांना नाव दिलेलं नाही. कानावर येतं फक्त ‘बटण, बटण, बटण’. यातलं जतन कोणतं आणि रद्द कोणतं? डेव्हलपरने प्रत्येक बटणाला मजकुराचं लेबल दिलं की प्रश्न मिटतो, आणि हे काम मोठं नाही. स्कॅन केलेलं परिपत्रक एनव्हीडीएच्या लेखी कोरं पान असतं. महाराष्ट्रातल्या ऑफिसांचं आणखी एक जुनं दुखणं म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी. डोळ्यांना ती स्वच्छ दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि तीच वाचली जातात. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. मीटिंगमध्ये शेअर केलेली स्क्रीनसुद्धा नुसता व्हिडिओ असतो. म्हणून सादरीकरणाची मूळ फाइल आदल्या दिवशी पाठवायची. ‘इथे बघा, हा लाल भाग’ असं म्हणून पुढे गेलं की तो सहकारी चर्चेबाहेर पडलाच.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ आणि त्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी लिहायच्या असतात आणि संपर्क अधिकारी नेमायचा असतो. ‘सहाय्यक साधने पुरवू’ या एका ओळीवर अनेक धोरणं आटोपतात. पोर्टल कोण दुरुस्त करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही त्यात लिहायला हवं.

तपासणी डोळस माणसालाही जमते. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर चालू केला की बोललेलं सगळं अक्षरांत दिसतं. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर रजेचा अर्ज भरून पाहा. जिथे अडकाल ती जागा आधी दुरुस्त करा, आणि पोर्टल पुरवणाऱ्या कंपनीच्या पुढच्या करारात हीच चाचणी अट म्हणून घाला.