आप्पांचा वॉकर: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घडीचा, ॲल्युमिनियमचा, पुढे दोन चाकं आणि मागच्या पायांना रबरी टोपणं असलेला वॉकर आम्ही आप्पांसाठी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. किंमत दोन हजारांच्या आतबाहेर, वजन तीनेक किलो. आता दुसरा पावसाळा सुरू झालाय आणि सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत तो वापरात आहे. माझं मत आधीच सांगते: वस्तू चांगली आहे, जरूर घ्या. पण ती आणून दिली म्हणजे आपलं काम संपलं, असं धरू नका. आमच्याकडं वॉकर कामी आला तो सगळं घर आप्पांबरोबर व्यायामाला लागलं म्हणून.

आप्पा बेळगावातल्या वडगावचे विणकर. दिवसभर मागावर उभं राहायचं, आणि त्याआधी पहाटे तालीम, जोर-बैठका. माग सुटल्यावरही रोज सकाळी टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपर्यंत चालत जायचे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा पाण्यासाठी खोदलेली ती विहीर. तिथं थोडं टेकायचं आणि परतायचं. मग गुडघे झिजले. आधी विहीर सुटली, मग गल्लीचं टोक, शेवटी फक्त घराचा सोपा उरला. त्यातच एकदा न्हाणीत पाय घसरला. हाड वाचलं, पण भीती बसली ती बसलीच.

काठीनं काही महिने भागलं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. आप्पांचा उजवा गुडघा जास्त दुखायचा, म्हणून काठी डाव्या हातात. पुढं दोन्ही गुडघे धरायला लागले आणि एका बाजूचा आधार पुरेना.

वॉकरची उंची नीट लावणं फार महत्त्वाचं. नेहमीची चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात खाली सोडायचे. मनगटाची घडी जिथं येते तिथं मूठ यायला हवी. दुकानातून आला तेव्हा मुठी उंच होत्या, चालताना आप्पांचे खांदे कानाकडं चढत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी चारही पायांचे खटके दाबून दोन-दोन भोकं खाली घेतले. कोपर किंचित वाकला, खांदे उतरले, आणि आप्पा पायाकडं बघायचं सोडून समोर बघायला लागले. एवढ्याशा फरकानं माणूस किती सावरतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचं घर जुनं, कौलारू. दारादाराला उंबरा. चाकं उंबऱ्याला अडतात, पुढची बाजू उचलावी लागते, आणि नेमका तिथंच तोल जायची भीती. सुताराकडून उतरत्या फळ्या करून घेतल्या. न्हाणीचं दार इतकं अरुंद की वॉकर आत जातच नाही. तिथं भिंतीत दांड्या बसवल्या. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, शहाबादी फरशी महिना महिना सुकत नाही. ओल्या फरशीवर टोपणांची नक्षी झिजली की वॉकर मागं सरकतो. दिवाळीच्या आत ती बदलायला लागली. घडीचा एक खटकाही सैल झाला आणि दुकानदारानं “असं होतंच” म्हणून हात झटकले, याचा मला अजून राग आहे. ज्यावर म्हाताऱ्या माणसाचा सगळा भार, त्या वस्तूबद्दल असं कसं बोलवतं? शेवटी दुसरीकडून दुरुस्त करून घेतला. बाहेर गल्लीत खडीवर चाकं रुततात, त्याला इलाज नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या गर्दीतही वॉकर चालत नाही. यंदा रस्त्याकडेच्या ओळखीच्या घरी खुर्ची टाकली, तिथून आप्पांनी मिरवणूक बघितली.

आता व्यायामाचं. खरी मेहनत इथं आहे. वॉकर धरून स्वतःला ओढत उठायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं गेलं, कारण ओढलं की वॉकर अंगावर येतो. खुर्चीच्या कडेला सरकायचं, टाचा मागं घ्यायच्या, हात खुर्चीच्या दांड्यांवर, छाती पुढं झुकवायची आणि पायांच्या जोरावर उठायचं. उभं राहून जरा थांबायचं, चक्कर नाही याची खात्री करायची, मग वॉकरच्या मुठी धरायच्या. आप्पा पहिल्यांदा ऐकत नव्हते. बाई म्हणाल्या, “ही बैठकच आहे आप्पा, फक्त खाली खुर्ची ठेवलीय.” तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही सगळे खुर्च्या मांडून बसतो. दादा, वहिनी, मी, पोरं. आप्पा उठले की सगळे उठतात, बसले की बसतात. पोरं आकडे म्हणतात. बाई कन्नड, घाई दिसली की त्या “निधान, आप्पा, निधान”, म्हणजे सावकाश, म्हणायच्या, आता तेच पोरं म्हणतात. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, मांडी आवळून धरायची, सोडायची. शेवटी ओट्याला धरून टाचा उचलायच्या.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय ३ दिवस तोल आणि ताकदीचा. आप्पांना १५० मिनिटं झेपत नाहीत. पण जमेल तेवढं करा, काहीच न करण्यापेक्षा ते बरं, असंही तीच संघटना सांगते, आणि आमच्या घरात त्याचा गुण दिसलाय. दादाची पाठदुखी कमी झाली. वहिनी पूर्वी व्यायामाला वेळ नाही म्हणायची, आता तीच खुर्च्या मांडते.

आप्पांचे गुडघे बरे झालेले नाहीत आणि वॉकरनं ते होणारही नाहीत. सकाळचा ताठरपणा वाढलाय, डॉक्टर शस्त्रक्रियेचं सुचवतात, आप्पा अजून तयार नाहीत. पण रात्री संडासला जायला ते कुणाला हाक मारत नाहीत. सुरुवातीला वॉकर घेऊन दाराबाहेर यायला त्यांना फार लाज वाटायची. तालमीतले जुने सोबती घरी येऊन गेले, त्यातल्या एकाच्या हातात स्वतःचा वॉकर होता. त्यानंतर आप्पा ऊन पडलं की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जातात.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: खांद्यात, हातात फार जोर नसेल तर चाकांचा बरा, उचलावा लागत नाही. तोल जास्त जात असेल तर बिनचाकाचा अधिक स्थिर. हे फिजिओथेरपिस्टनं माणसाला चालवून बघून ठरवावं. आणि ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला दुकानात न्या. आम्ही रिक्षा करून आप्पांना नेलं होतं. तीन वॉकर धरून बघितल्यावर यातला हाच, असं त्यांनीच सांगितलं.