सिनॉप्सिसच्या (थीसिसच्या आराखड्याच्या) आधी लावायला हवा होता असा रविवारचा स्टॅट्स क्लास

मी शिरवळला एमव्हीएस्सी, म्हणजे व्हेटरनरीचं मास्टर्स करतेय, दुसरं वर्ष, राहायला कात्रजला. शनिवार पेठेतला हा व्हेटरनरीच्या पीजी मुलांसाठीचा क्लास एका सीनियरने सुचवला म्हणून लावला. सहा रविवार, सकाळी दहा ते दीड, फी साडेतीन हजार. लावून दोन महिने झालेत, म्हणून आता नीट लिहिते.

आधी हे सांगते की मी तिथे का गेले. त्याआधी एका ठिकाणी डेटा अ‍ॅनालिसिस करून देतात म्हणून चार हजार भरून माझी एक्सेल शीट दिली होती, दोन दिवसात टेबलं आली, प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर स्टार (म्हणजे फरक ठोस असल्याची खूण), बघायला एकदम छान, पण सेमिनारला ही टेस्ट का लावली असं विचारलं तेव्हा मला एक वाक्य बोलता आलं नाही. घरी येऊन रडले होते त्या दिवशी.

माझं काम दगडीवर, म्हणजे कासेच्या दाहावर आहे, त्यातही सुप्त दगडी, म्हणजे सबक्लिनिकल मस्टायटिस, ज्यात दूध दिसायला चांगलंच असतं आणि कास पण सुजलेली नसते. खेड शिवापूर ते भोर या पट्ट्यातल्या सहा गोठ्यांमधल्या २४ एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई, १२ गाईंना व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम दिलं, १२ तशाच ठेवल्या. दाह ओळखायला सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) करतात, तिच्या पॅडलला चार खण असतात, एकेका सडाचं थोडं थोडं दूध त्यात घ्यायचं, तेवढंच रिएजंट टाकून गोल गोल फिरवायचं, दूध जेलीसारखं धरलं की त्या सडात दाह आहे. म्हणजे २४ गाई, ९६ सड, आणि मी सगळीकडे सँपल साइज ९६ लिहून बसले होते.

दुसऱ्या रविवारी क्लासच्या सरांनी माझी शीट उघडली आणि विचारलं, "औषध कुणाला दिलंस गं, गाईला की सडाला?" म्हटलं गाईला. "मग तुझे ९६ कुठून आले?" बस एवढंच. मग फळ्यावर एक कास काढली, चार सड काढले, आणि समजावलं की एकाच गाईचे चार सड म्हणजे चार वेगळ्या गाई नाहीत, त्यांचं रक्त एक, खाणं एक, दूध काढणारा हात पण एकच, त्यामुळे एका सडाला दाह असला की शेजारच्याला असायची शक्यता वाढते. ते चार स्वतंत्र धरले तर आपल्याकडे आहे त्याच्यापेक्षा जास्त पुरावा असल्यासारखं दिसतं आणि पी व्हॅल्यू (औषधाचा काही परिणाम नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता) उगाच खाली येते. पुढच्या तासाला आर सॉफ्टवेअरमध्ये लेमफोर नावाचं पॅकेज टाकून मिक्स्ड मॉडेल लावायला शिकवलं, गाय आणि गोठा दोन्ही रँडम इफेक्ट म्हणून, म्हणजे एकाच गाईचे सड आणि एकाच गोठ्यातल्या गाई एकमेकींसारख्या असतात हे हिशोबात धरून. आर फुकट आहे, त्यामुळे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वगैरे भानगड नाही. तसं लावल्यावर माझा पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेला, म्हणजे औषधाने फरक पडला असं ठामपणे म्हणता येईना. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण तेच खरं होतं आणि गाईडनाही ते पटलं.

आता कुणी म्हणेल कॉलेजात हे शिकवत नाहीत का. शिकवतात. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) नव्या रचनेत मास्टर्सला एकूण ७० क्रेडिट, त्यातले ३० रिसर्चचे, आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर सपोर्टिंग कोर्सेसमध्ये असतो. सीआरडी, आरबीडी, लॅटिन स्क्वेअर या प्रयोग आखायच्या पद्धती सगळ्या परीक्षेपुरत्या पाठ होत्या. पण लॅटिन स्क्वेअर का वापरायचा हे मला इथे कळलं, जेव्हा न्यूट्रिशनच्या एका मुलाने उसाचं वाढं आणि मुरघास यांची तुलना मांडली. गाई चारच मिळणार होत्या, तर प्रत्येक गाईला पाळीपाळीने प्रत्येक खाद्य द्यायचं आणि दर वेळी नवीन खाद्याची सवय व्हायला मधे दिवस सोडायचे, नाहीतर मागच्या खाद्याचा परिणाम पुढच्या आकड्यात येतो. आणि भाकडकाळाजवळ आलेली गाय घेऊ नको, दूध तसंही उतरणारच आहे, हे पण सांगितलं. असं सांगायला गोठ्यात उभा राहिलेला माणूस लागतो, नुसता स्टॅट्सवाला असून भागत नाही.

पाचवा रविवार सगळा सँपल साइजचा. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये जनावरांची संख्या का घेतली ते लिहावं लागतं, तिथे आम्ही बहुतेक जण जुन्या थीसिसमधला आकडा उचलतो. सरांनी रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले प्राण्यांवरच्या प्रयोगांचे तीन आर (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट) घेतले, त्यातला रिडक्शन म्हणजे नुसती कमी जनावरं घेणं नाही, गरजेपेक्षा कमी घेतली आणि उत्तरच निघालं नाही तर जेवढ्यांना सुई टोचली तेवढी सगळी फुकट गेली. हे ऐकताना मला भोरकडच्या गोठ्यातल्या मावशी आठवत होत्या, दर वेळी गाईची मान धरून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "डॉक्टरीणबाई, आमच्या चंद्रीचं काय निघालं?"

अजून एक आवडलेलं, पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की आजची इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था) १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. साडेपाच वर्षं बीव्हीएस्सी करून मला हे माहीत नव्हतं.

कमी काय ते पण लिहिते. खोली लहान, चौदा जण आणि प्लग दोनच, त्यामुळे लॅपटॉप घरून फुल चार्ज करून न्या. गाडी लावायला जागा नाही, मी स्वारगेटवरून बसनेच जायचे. छापील नोट्स देत नाहीत, फळ्यावरचं उतरवून घ्यावं लागतं. रेफरन्स मॅनेजर (संदर्भांची यादी सांभाळायचं सॉफ्टवेअर) आणि थीसिसची मांडणी शेवटच्या रविवारी एका तासात गुंडाळली, त्याला अजून एक रविवार हवाच होता, फी वाढवली तरी चालेल.

आणि सरांना एक मनापासून विनंती, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सिनॉप्सिस द्यायच्या आधी एक बॅच घ्या. माझ्या बॅचमधल्या चौदापैकी अकरा जणांचं सँपलिंग आधीच संपलेलं होतं.