ओहायोच्या रानात .४५-७०: दहा महिन्यांनंतर

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी .४५-७० या काडतुसाची लिव्हर-ॲक्शन (चापाजवळचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची) रायफल घेतली. उन्हाळाभर रेंजवर सराव केला, डिसेंबरमध्ये हरणाचा हंगाम केला, आणि आता फ्रीजरमधलं मटण अर्ध्यावर आलंय. इतके दिवस वापरल्यावर या काडतुसाबद्दल मला बरंच सांगायचंय. घ्यायच्या आधी मी जे काही वाचलं होतं त्यात अंतराबद्दल फार कमी होतं, आणि याच्या बाबतीत सगळं अंतरावरच येऊन थांबतं.

हेच काडतूस का? मी कोलंबसजवळ राहतो आणि शिकारीला कोशॉक्टन काउंटीतल्या टेकड्यांत जातो. ओहायोत हरणासाठी बाटलीसारख्या मानेची काडतुसं चालत नाहीत, त्यामुळे .३०८ किंवा .३०-०६ सारखी वेगवान काडतुसं घेऊन इथे जाता येत नाही. आधी शॉटगनचा स्लग (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) किंवा ठासणीची बंदूक हेच मुख्य पर्याय होते. २०१४ च्या हंगामापासून सरळ भिंतीच्या पुंगळीची रायफल चालायला लागली. आज .३५७ ते .५० कॅलिबरपर्यंतची असली काडतुसं कायदेशीर आहेत. शेतं, घरं, गोठे जवळजवळ असलेल्या मुलखात हा नियम मला पटतो, कारण जाडी, संथ गोळी वेगवान गोळीच्या मानाने कमी अंतरातच जमिनीकडे येते. अर्थात गोळीच्या मागे मातीचा उतार आहे की नाही हे पाहायची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

माझे आजोबा संगमेश्वरकडच्या आमच्या गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगून होते. रानडुकरं भातात शिरली की तिचा बार निघायचा. दारूचा तो वास आणि तो जड ‘धडाम्’ माझ्या कानात लहानपणापासून आहे. .४५-७० चा पहिला बार काढला तेव्हा पहिली आठवण त्यांची आली. ते उगाच नव्हतं, कारण हे काडतूस मुळात काळ्या दारूचंच आहे. अमेरिकन लष्कराने ते १८७३ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी स्वीकारलं. .४५ म्हणजे इंचात गोळीची जाडी आणि ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन, साधारण साडेचार ग्रॅम. पुढे ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमची शिशाची गोळी. त्याचा इतिहास निर्मळ नाही. याच रायफली आणि कार्बाइन (आखूड नळीच्या रायफली) घेऊन लष्कर मैदानी मुलखातल्या मूळ रहिवाशांवर चालून गेलं, १८७६ ची लिटल बिगहॉर्नची लढाईही त्याच काळातली. हातात धरताना ते माहीत असावं असं मला वाटतं.

आता आकडे. मी वापरतो ती ३०० ग्रेनची, पोकळ टोकाची गोळी. पेटीवर वेग लिहिलाय सेकंदाला १,८८० फूट. तो लांब चाचणी-नळीचा. माझी नळी साडेअठरा इंची आहे, आणि मित्राच्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) दहा बारांची सरासरी १,७६० च्या आसपास आली. .३०-०६ ची १५० ग्रेनची गोळी २,९०० च्या पुढे जाते, त्यावरून फरक लक्षात येईल. शंभर यार्डांवर (यार्ड मीटरपेक्षा थोडा कमी) नेम जुळवला, तर माझी गोळी १४० यार्डांवर तीन इंच खाली लागते, १८० वर नऊ-साडेनऊ इंच, दोनशेवर तेरा. शंभरापर्यंत हिशेब करावा लागत नाही. त्यापुढे प्रत्येक पाच-दहा यार्डांची किंमत मोजावी लागते.

ही किंमत मी मोजली. २ डिसेंबर, हंगामाचा पहिला दिवस. कापलेल्या मक्याच्या कडेला संध्याकाळी एक मोठा नर आला. मी मनात धरलं, १४० यार्ड. अंतर मोजायचा रेंजफाइंडर खिशात होता, पण तो काढताना हालचाल दिसेल म्हणून काढला नाही. छातीच्या मधोमध नेम धरला आणि चाप ओढला. हरीण उडी मारून रानात गेलं. टॉर्च लावून दोन तास शोधलं, शेतमालकांनाही बोलावलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. शेवटी जिथे ते उभं होतं त्याच्या मागच्या उतारात गोळीने काढलेली सरी सापडली. दुसऱ्या दिवशी उजेडात मोजलं तेव्हा अंतर १८२ यार्ड निघालं. गोळी छातीच्या अगदी खालून गेली होती. दोन इंच वर लागली असती तर पाय मोडलेलं जनावर रात्रभर थंडीत फिरत राहिलं असतं, आणि तो विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला १२५ यार्डांची हद्द घातली आणि बसायच्या जागेभोवतीची झाडं आधीच मोजून ठेवायला लागलो: वाकडा ओक ७०, पडलेला बीच ९५, कुंपणाचा खांब १२०. सावज खांबापलीकडे असेल तर बंदूक मांडीवरच राहते.

त्याच आठवड्यात गुरुवारी त्याच टेकडीच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ बसलो. रात्री थोडा बर्फ पडला होता, म्हणून पानांचा आवाज दबला होता. सव्वाआठच्या सुमारास तीन माद्या आल्या. मोठी मादी ओकच्या अलीकडे, ६२ यार्डांवर आडवी उभी राहिली. खांद्याच्या मागे बार. ती वाकली, चाळीसेक पावलं पळाली आणि दिसेल अशीच पडली. गोळी आरपार गेली होती, आणि बर्फावरचा माग चालत जाऊन बघण्याइतका रुंद होता. साडेअकरा मिलिमीटरची गोळी आत शिरताना आधीच मोठी असते, त्यात पसरते. माग सापडणं हा या काडतुसाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण आहे.

दुसरा गुण सुरी चालवताना कळला. दोन वर्षांपूर्वी पेन्सिल्वेनियात मित्राच्या .३०८ ने हरीण मारलं होतं. जवळून लागलेल्या त्या वेगवान गोळीने एका बाजूचा अख्खा खांदा रक्ताळून जेलीसारखा झाला होता, आम्ही तो टाकून दिला. या वेळी बरगड्यांवर तळहाताएवढाच भाग कापून काढावा लागला. दोन हरणांवरून नियम सांगता येत नाही, आणि गोळी कुठे लागली यावरही बरंच अवलंबून असतं. पण जुने शिकारी ‘भोकापर्यंत खाता येतं’ म्हणतात त्याचा अर्थ मला समजला. जखमेच्या आसपासचं मांस मी तरीही सढळ हाताने काढतो, कारण शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. पुढच्या वर्षी पूर्ण तांब्याची गोळी वापरून बघणार आहे.

आता त्रासाचं. धक्का खरोखर मोठा आहे. वेगवान काडतुसाचा धक्का चापट मारल्यासारखा, हा कुणीतरी खांद्याला धरून मागे लोटल्यासारखा. पहिल्या महिन्यात उत्साहाने मी बाकावर बसून एका दमात वीस-वीस बार काढले आणि नको ती सवय लावून घेतली: चाप ओढायच्या आधीच अंग आक्रसायला लागलं. मित्राने मला न सांगता मधूनच एक नकली काडतूस भरलं. बार झालाच नाही आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलेलं मी स्वतः पाहिलं. मग जाड रबरी पॅड बसवलं, बाकाऐवजी उभ्याने सराव केला, दिवसाला आठच बार ठेवले. ऑगस्टपर्यंत सवय गेली. तुमची चण लहान असेल किंवा घरातला पंधरा वर्षांचा मुलगा शिकणार असेल, तर ओहायोत .३५० लेजंड हे याहून कितीतरी मऊ काडतूस चालतं. त्यापासून सुरुवात करा.

पैशांचं म्हणाल तर वीस काडतुसांची पेटी मला ४८ डॉलरला पडली. सराव महाग जातो, म्हणून पुंगळ्या जपून ठेवतो.

काडतूस घेताना एक गोष्ट फार काळजीने पाहा. .४५-७० च्या सगळ्या पेट्या सारख्या नसतात. दीडशे वर्षांच्या जुन्या रायफली अजून लोकांकडे आहेत, म्हणून या काडतुसाचा प्रमाणित दाब मुद्दाम कमी, २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवलेला आहे. काही कंपन्या आधुनिक लिव्हर-ॲक्शनसाठी त्याहून खूप जोरदार भरणी करतात. ती जुन्या बंदुकीत घातली तर बंदूक फुटू शकते. पेटीवरचा इशारा वाचल्याशिवाय भरू नका. हरणासाठी त्या जोरदार भरणीची गरजही नाही.

टोकाबद्दलही तसंच. नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या टोपीला) टेकतं, आणि टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतच बार उडू शकतो. म्हणून चपट्या टोकाचीच गोळी घ्यावी लागते. याला अपवाद मऊ पॉलिमर टोकाच्या गोळ्यांचा. हॉर्नडीची ३२५ ग्रेनची तशी गोळी २,०५० फुटांची आहे आणि दूरवर कमी पडते. मी दोन पेट्या वापरल्या, चांगली आहे. पण माझ्या रायफलीत ३०० ग्रेनची गोळी जास्त जवळजवळ लागते, आणि १२५ च्या आत मला दुसरं काही नको.

जड गोळी झुडपातून सरळ जाते हेही सगळे सांगतात. त्यावर विसंबू नका. काटकीला लागून कुठलीही गोळी वळते.

आपल्या लोकांकडून दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला कायद्याचा. तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने साधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, तरी आधी वकिलाशी बोलून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. ओहायोत शेतमालकाची लेखी परवानगी, भडक केशरी जॅकेट, नळी आणि चेंबर मिळून तीनच काडतुसं, आणि हरीण पडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत नोंद, एवढं चुकवू नका. दुसरा प्रश्न, हरणं मारून संपत नाहीत का? १९०४ च्या सुमारास ओहायोत हरणं जवळपास उरली नव्हती. ती परत आली, १९४३ मध्ये मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली, आणि आता मक्याच्या शेतकऱ्याला विचारा किती आहेत ते.

मटणाला चरबी जवळजवळ नसते. बायकोने मांडीचे तुकडे रात्रभर दह्यात ठेवले, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दोन तास शिजवले आणि वर चमचाभर तूप सोडलं. शेतमालकांना एक डबा नेऊन दिला. तिखटाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डबा पुसून परत आला, आणि सोबत पुढच्या हंगामाचा सही केलेला परवानगीचा कागद होता.